हाफकिन आणि बाटली क्रमांक ५३-एन

शहाद्याजवळच्या लोणखेड्यात असो की मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात, बाळाला लस टोचण्याआधी परिचारिका बाटली हातात घेऊन तिच्यावरचा छापील क्रमांक पाहते. मुदत तपासते, बाटली कधी उघडली ती वेळ लिहिते आणि क्रमांक नोंदवहीत टाकते. रांगेत उभ्या असलेल्या आईला हा वेळकाढूपणा वाटतो. पण याच एवढ्याशा नोंदीवर एका माणसाची अब्रू एकदा टांगली गेली होती आणि शेवटी तिच्याच आधाराने ती वाचली. त्या माणसाचे नाव वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. नाव सर्वांना ठाऊक असते, पण त्यांच्या आयुष्यात काय घडले ते फार थोड्यांना माहीत असते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा तो भाग रशियाच्या झारच्या सत्तेखाली होता. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेत हाफकिन यांना राजकीय चळवळीतल्या संबंधांमुळे अटक झाली. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्यांच्या बचावासाठी ते रस्त्यावर उतरले आणि जखमी झाले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात प्राध्यापकी मिळण्याची वाट मोकळी होती. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. तिथे जागा होती ती ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. ती त्यांनी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

विषय होता पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू काही वर्षांपूर्वीच ओळखला होता. हाफकिन यांनी गिनिपिगच्या शरीरातून तो जंतू एकापाठोपाठ एक अनेक वेळा नेऊन त्याचा जोर वाढवला आणि दुसऱ्या बाजूने उष्णता व हवेच्या साह्याने त्याचा दुबळा प्रकारही तयार केला. आधी दुबळी आणि काही दिवसांनी जोरकस, अशी दोन टोचण्यांची लस त्यातून तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण जिवाला धोका झाला नाही.

स्वतःवरचा प्रयोग पुरेसा नसतो

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शास्त्रज्ञाने स्वतःला सुई टोचून घेतली की लोक भारावतात. पण त्यातून एवढेच कळते, की लस घेणारा माणूस लगेच मरत नाही. लस रोगापासून वाचवते का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते हवे असेल तर रोग जिथे खरोखर येतो तिथे जावे लागते. लस घेतलेली आणि न घेतलेली माणसे एकाच परिस्थितीत शेजारी शेजारी असावी लागतात. आणि दोन्हींची मोजणी सारख्याच काटेकोरपणे व्हावी लागते. हाफकिन यांना हे पुरते ठाऊक होते, म्हणूनच ते भारतात आले.

मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तर भारतात हजारो लोकांना, विशेषतः सैनिकांना लस टोचली. पण त्यातून निष्कर्ष निघेना. कुठे त्या वर्षी साथच आली नाही, तर कुठे लस घेतलेली पलटण दुसरीकडे हलवली गेली. हजारोंचे आकडे हाती होते, पण तुलना करता येत नव्हती. मग कोलकात्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या साह्याने त्यांनी शहरातल्या वस्त्या निवडल्या. तिथे दरवर्षी पटकी येई आणि सगळी वस्ती एकाच तळ्याचे पाणी पिई. मार्च १८९४ च्या अखेरीस कट्टल बागान नावाच्या वस्तीत पटकी लागली. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे दहा रुग्ण आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. त्यातले सात दगावले.

आकडा छोटा होता, पण तुलना सरळ होती. पुढच्या दोन वर्षांच्या नोंदींत लसीच्या मर्यादाही दिसल्या. टोचल्यानंतर पहिले काही दिवस संरक्षण नीट मिळत नाही आणि साधारण वर्षभरानंतर ते ओसरते. या गोष्टी झाकून न ठेवता अहवालात मांडल्या गेल्या. संशोधनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवताना यशाच्या आकड्यांइतक्याच या कबुल्याही महत्त्वाच्या असतात.

मुंबईतली एक खोली

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. पुण्यात सक्तीची घरझडती सुरू झाली आणि त्या संतापातून जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. महाराष्ट्राच्या स्मृतीत हा काळ कायमचा कोरला गेला आहे.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला सापडला होता. तो मोठ्या प्रमाणावर वाढवायचा कसा, हा प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसरसाच्या फ्लास्कमध्ये वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या खाली जंतूंची वाढ पारंब्यांसारखी लोंबू लागली. फ्लास्क हलवला की पारंब्या तळाशी बसत आणि वर नव्या धरत. असे काही आठवडे चालले, की सगळे द्रव तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून मांसरसासाठी बोकडाचे मांस वापरले जाई.

ससे या लसीने वाचले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला ती टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात येणार होती, त्यापेक्षा कितीतरी मोठी मात्रा त्यांनी घेतली. सणकून ताप भरला, पण ते काम सोडून झोपले नाहीत.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्याहून थोड्या अधिक कैद्यांनी घेतली नाही. सर्वांचे जेवण एक, कोठड्या त्याच, काम तेच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. आज असा प्रयोग करता येणार नाही. कैद्याची संमती पूर्णपणे मोकळी मानता येत नाही, म्हणून आजचे संशोधनाचे नियम त्याला विशेष संरक्षण देतात. नीतिसमितीच्या परवानगीशिवाय तिथे पाऊलही टाकता येत नाही. त्या काळी असे नियमच नव्हते.

त्यानंतर पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये साथ आली. तिथे लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले, तर लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६. आकडे डोळे दिपवणारे होते. पण शंका घेणाऱ्यालाही जागा होती. लस कोणी घेतली? जे सुखवस्तू होते, मोकळ्या घरात राहत होते, उंदरांपासून दूर होते, त्यांनीच अधिक घेतली असेल तर? मग त्यांना लसीने वाचवले की घराने?

उंढेऱ्याची घरे

या शंकेचे उत्तर बडोदा संस्थानातल्या उंढेरा या खेड्यात मिळाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग होता. हाफकिन यांनी गावकऱ्यांना कुटुंबवार एकत्र बोलावले आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. एका भावाला टोचली, दुसऱ्याला नाही. सासूला टोचली, सुनेला नाही. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. काही आठवड्यांनी सरकारी डॉक्टरांनी गावात येऊन घरोघर चौकशी केली. प्लेग शिरला होता अशी २८ कुटुंबे निघाली. त्यांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन मेले.

दमणच्या हजारोंपेक्षा उंढेऱ्याच्या या १३५ माणसांचा पुरावा अधिक भक्कम आहे. आकडा लहान असला तरी इथे गरीब-श्रीमंत, स्वच्छ-अस्वच्छ हा फरक बाजूला पडला आणि उरला तो फक्त लसीचा फरक. अर्थात उणीव इथेही होती. कोणाला टोचायचे हे डोळ्यांनी पाहून ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. नशिबावर सोडून गट पाडण्याची पद्धत औषधांच्या चाचण्यांत रुळली ती १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर. पण एकाच घरात तुलना करायची, ही समज हाफकिन यांनी त्याच्या पन्नास वर्षे आधी दाखवली.

यश मिळाले तसे वाद आणि तपासणीही आली. सरकारने नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने, ज्याचे अध्यक्ष एडिंबराचे प्रा. फ्रेझर होते, हाफकिन यांचे आकडे एकेक करून तपासले. अनेक ठिकाणच्या नोंदी कच्च्या आहेत, लसीचा जोर प्रत्येक खेपेला सारखा राहील याची पुरेशी हमी नाही, असे दोष आयोगाने दाखवले. तरीही लस घेतल्याने प्लेग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते, हे मान्य केले. टीका आणि मान्यता एकाच अहवालात होत्या. विज्ञानात प्रामाणिक तपासणी अशीच असते.

दरम्यान काम वाढत गेले. आगाखान यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली आणि स्वतः लस टोचून घेऊन अनुयायांना धीर दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. लस सक्तीने टोचू नये, लोकांनी पटून घ्यावी, हा त्यांचा आग्रह कायम होता.

मुल्कोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग पसरला आणि लसीची मागणी एकदम वाढली. ती भागवण्यासाठी परळला लस बनवण्याची पद्धत बदलण्यात आली. नव्या पद्धतीत लस लवकर तयार होई आणि त्यात कार्बोलिक आम्ल घातले जात नसे. उष्णतेने जंतू मरत असतील तर आम्लाची गरज नाही, असे हाफकिन यांचे मत होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतली रीतही तशीच होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून १९ जणांना लस मिळाली होती. काही दिवसांत त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही.

एकोणीस घरांत आकांत झाला. लस घेतली म्हणून माणसे मेली, ही बातमी गावोगाव पोहोचली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्याआधीच तिच्यात होते, म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेत आहे, असे त्याचे मत पडले. आम्ल वगळण्याच्या निर्णयावरही ठपका आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. ज्याच्या लसीने हजारो माणसे वाचली होती, तो माणूस एकोणीस जणांच्या मृत्यूचा डाग घेऊन लंडनला गेला.

पण नोंदी मागे राहिल्या होत्या. ५३-एन ही बाटली कोणत्या दिवशी भरली, कोणत्या फ्लास्कमधून भरली, कधी उघडली, हे सर्व लिहिलेले होते. ती टोचणीच्या ४१ दिवस आधी भरली होती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात इतके दिवस वाढत राहिले असते तर बाटली उघडताच भपकन दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. इतक्या दिवसांत साठलेल्या विषाने माणसे फार लवकर आजारी पडली असती. प्रत्यक्षात मधे काही दिवस गेले. त्याच फ्लास्कमधून भरलेल्या इतर बाटल्यांनी कोणालाही इजा केली नव्हती. आणि चौकशीच्या कागदांतच एक साक्ष होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशक द्रावात नुसता बुडवून, न उकळता, पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते आणि ते इतक्याने मरत नाही.

लंडनच्या लिस्टर संस्थेने सर्व पुरावा पुन्हा तपासला. बाटली दूषित झाली ती बहुधा मुल्कोवालला, उघडताना, असा तिचा निष्कर्ष निघाला. तरी सरकारी कागद छापून बाहेर यायला डिसेंबर १९०६ उजाडला. ते प्रसिद्ध होताच हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस लढायला उतरले. त्यांनी आणि सिम्पसन यांनी लेख लिहिले, पत्रे लिहिली. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्याला धरून नाही, असा त्याचा आशय होता. वर्ष संपण्याआधी सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले.

दुर्घटनेला तोवर पाच वर्षे झाली होती. परळची खुर्ची मोकळी नव्हती. हाफकिन कोलकात्याला गेले, पण तिथे त्यांना लस बनवण्याचे मोठे काम मिळाले नाही. सेवाकाळ संपल्यावर ते युरोपात परतले. लग्न केले नव्हते. उत्तरायुष्य धर्माच्या अभ्यासात आणि ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी घालवले. आपली पुंजीही त्याच कामाला ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

विश्वास कशावर ठेवायचा?

मुल्कोवालची किंमत हाफकिन यांच्यापेक्षा इतरांनी जास्त मोजली. आधी त्या एकोणीस कुटुंबांनी, मग पंजाबातल्या लाखोंनी. दुर्घटनेनंतर तिथली मोठी मोहीम बसली. पुढच्या काही वर्षांत त्या प्रांतात प्लेगने लाखो माणसे मेली. त्यातली किती लसीने वाचली असती याचा हिशोब करता येणार नाही. पण लोकांचा विश्वास उडाला की चांगले औषधही कपाटात पडून राहते, एवढे दिसले.

हाफकिन निर्दोष ठरले, म्हणून त्यांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. मागणीच्या घाईत पद्धत बदलली गेली, आणि तो बदल नीट पारखून, इतरांना दाखवून केला असता तर आरोपाला एवढे बळ मिळाले नसते. आम्ल असते तर चिमट्याबरोबर शिरलेले जंतू मेलेच असते, असे म्हणता येत नाही. पण हा प्रश्न उभा राहिलाच, आणि तो टाळता आला असता.

या आयुष्यातून संशोधनाच्या खरेपणाच्या काही साध्या कसोट्या हाती येतात. नव्या औषधाची बातमी वाचताना कोणालाही त्या लावता येतात. तुलना कोणाशी केली? दोन्ही गटांतली माणसे उंढेऱ्यासारखी एकाच परिस्थितीतली होती, की दमणसारखी वेगवेगळी? मोजणी करणारा माणूस औषध बनवणाराच होता की दुसरा कोणी? अपयश आणि मर्यादा सांगितल्या आहेत का? नोंदी अशा ठेवल्या आहेत का, की उद्या परक्या माणसाने येऊन तपासल्या तर सापडतील? आणि चूक झाल्याचा संशय आला, तर पुरावा उघड करायला चार वर्षे लागतात की चार दिवस?

आज लसीच्या प्रत्येक खेपेचे नमुने तपासूनच ती बाहेर पडते. प्रत्येक बाटलीला खेपेचा क्रमांक असतो. गोवर-रुबेलाची बाटली उघडून मिसळली की चार तासांनी टाकून द्यावी लागते, मग तिच्यात लस शिल्लक असली तरी. सुई एकदा वापरली की ती पुन्हा वापरताच येऊ नये अशी तिची रचना असते. लस टोचल्यावर काही विपरीत झाले तर त्याच क्रमांकाच्या बाटल्या कुठे कुठे गेल्या ते शोधता येते, आणि दोष बनवताना झाला, साठवताना झाला की टोचताना, हे ठरवता येते.

लोणखेड्यात परिचारिका क्रमांक लिहिते तेव्हा ती हेच काम करते. त्या ओळीमुळे बाळाचे संरक्षण होते, लस बनवणाऱ्यावर लक्ष राहते आणि वेळ आलीच तर निर्दोष माणसाचाही बचाव होतो. रांग थोडी हळू सरकली तरी हरकत नाही. ती ओळ लिहून होईपर्यंत थांबावे.